बारा कॉम्प्युटर, एक डोंगल : अभ्यासिकेसाठी पायथॉनमध्ये लिहिलेला छोटा प्रॉक्सी

सातपुडा_पायथा (धागाकर्ता, यावल तालुका)
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात एक अभ्यासिका आहे. जुनं धाब्याचं घर, पुढच्या खोलीत वाचनालय, मागच्या खोलीत बारा जुने कॉम्प्युटर. सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी सकाळी सहापासून येऊन बसतात. नेट म्हणजे एक फोर-जी डोंगल, रोजचा डेटा ठरलेला. अडचण अशी की अपडेट आलं की बाराही कॉम्प्युटर तीच फाइल बारा वेळा उतरवून घेतात. फायरफॉक्स किंवा लिबरऑफिसचं अपडेट आलं की दुपारपर्यंत दिवसाचा डेटा खलास, आणि ज्याला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो तो हॉटस्पॉटसाठी दुसऱ्याचा मोबाइल मागत फिरतो.

तयार उपाय आहेत, म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून एकदा आणलेली फाइल सगळ्यांना देणारे प्रॉक्सी. स्क्विड १९९६ पासून आहे, आणि खास डेबियनच्या पॅकेजांसाठी (प्रोग्रॅम बसवायच्या फाइलींसाठी) ॲप्ट-कॅशर-एनजी आहे. दोन्ही चांगली आहेत, ज्यांना नुसतं काम भागवायचं आहे त्यांनी तीच वापरावीत. मी आधी स्क्विडच बसवला होता. पण त्याच्या कॉन्फिग फाइलला माझ्याशिवाय कोणी हात लावेना, आणि मी आठवड्यातले पाच दिवस जळगावला नोकरीला. अभ्यासिका सांभाळणारी दोन मुलं पायथॉन शिकली आहेत. त्यांना वाचता येईल, बिघडलं तर उघडून बघता येईल असं काहीतरी मला हवं होतं. म्हणून दोन महिने रात्री बसून स्वतःच लिहिलं. सव्वादोनशे ओळी झाल्या, त्यातल्या निम्म्या चुका सांभाळायच्या.

प्रॉक्सीचं मूळ काम फार थोडं आहे. ब्राउझर सर्व्हरशी थेट बोलतो तेव्हा विनंतीच्या पहिल्या ओळीत नुसता पाथ (साइटच्या आतला पानाचा पत्ता) पाठवतो. प्रॉक्सी लावला की तीच ओळ पूर्ण पत्त्यासकट येते. आपण त्यातून होस्ट (साइटचं नाव) काढायचा, तिकडे जोडणी करायची, विनंती पुढे सरकवायची आणि येईल ते उत्तर मागे द्यायचं. एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर आधी 'कनेक्ट' म्हणतो आणि होस्ट व पोर्ट सांगतो. जोडणी झाली की आपण २०० चं ('ठीक आहे') उत्तर आणि एक रिकामी ओळ पाठवतो. त्यानंतर आपण फक्त हमाल, दोन्हीकडचे बाइट जसेच्या तसे वाहायचे. आतला मजकूर कुलूपबंद असतो.

एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणाऱ्या, पायथॉनमधल्या असिंकआयओमुळे (३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून) हे सगळं एकाच प्रोसेसमध्ये, थ्रेडच्या भानगडीशिवाय होतं. जोडणी ऐकणारं एक फंक्शन, तिकडे जोडणी उघडणारं एक, आणि बाइट वाहणारं एक.

मला ज्याचं जास्त अप्रूप आहे ती गोष्ट मात्र नियमांच्या फाइलची. सर्व्हरच्या कोडला कोणी हात लावायचा नाही, जे बदलायचं ते या दुसऱ्या छोट्या फाइलीत. पायथॉन ३ मध्ये फंक्शनला आणि व्हेरिएबलला देवनागरी नावं देता येतात. म्हणून आमच्या फाइलीत फंक्शनचं नाव 'विनंती_आली' असं आहे, त्याला 'होस्ट', 'पाथ', 'कॉम्प्युटर' मिळतात, आणि त्याने तीनपैकी एक उत्तर द्यायचं : 'जाऊ_दे', 'अडव' किंवा 'साठव'. फाइल बदलली की सर्व्हर ती आपोआप पुन्हा वाचतो. बदलात चूक असेल तर आधीचे नियम चालू ठेवतो आणि चूक लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) लिहितो.

आणि साठवायचं काय? एचटीटीपीएसच्या पानांचा साठा करता येत नाही. पण डेबियनची पॅकेजं साध्या एचटीटीपीवरूनही मिळतात, कारण तिथे भरवसा जोडणीवर ठेवलेला नसून सहीवर आहे. 'इनरिलीज' नावाच्या फाइलीवर डेबियनची डिजिटल सही असते, तिच्यात पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले, ठशासारखे आकडे) असतात, आणि यादीत एकेका पॅकेजचा हॅश. मध्ये माझ्या प्रॉक्सीने एक बाइट जरी बिघडवला तरी ॲप्ट (डेबियनचं पॅकेजं आणणारं साधन) ते पॅकेज घेत नाही. पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा आकडा असल्यामुळे त्या नावाची फाइल कधी बदलत नाही, एकदा आणली की खुशाल ठेवून द्या. 'इनरिलीज' मात्र बदलते. ती साठ्यातून परस्पर द्यायची नाही. दर वेळी 'ही बदलली का?' म्हणून मूळ सर्व्हरला विचारायचं, ३०४ ('बदललेली नाही') आलं तर आपली जुनी द्यायची. त्या विचारण्याला किरकोळ डेटा लागतो.

सगळं एका रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) चालतं. मागाल त्याला कोड पाठवतो, तपासून चुका दाखवा, अशी विनंती.

---

पांझराकाठ (धुळे)
रविवार, रात्री १०.१५

भाऊ, बठ्ठं वाचं. भारी काम शे!

फंक्शनला मराठी नावं चालतात हे मला आजच कळलं. मग अहिराणी पण चालेल ना? आमच्याकडच्या पोरांना 'जाऊ_दे' पेक्षा 'जाऊ_दि' जवळचं वाटेल.

---

सातपुडा_पायथा
रविवार, रात्री १०.२२

चालेल की. अक्षरं देवनागरी असली म्हणजे झालं, भाषा कोणती ते पायथॉन विचारत नाही.

---

हतनूर_बॅकवॉटर (भुसावळ)
सोमवार, सकाळी ७.०५

छान लिहिलंत. दोन गोष्टी.

पहिली, पायचं तापमान. ८० अंशांच्या आसपास पोचला की पाय स्वतःहून वेग कमी करतो. मे महिन्यात आमच्याकडे खोलीतच चाळिशीच्या वर असतं, पेटीत कोंबलेला पाय तिथे पोचायला वेळ लागत नाही. तुमचं धाब्याचं घर आहे म्हणून निभावत असेल. पत्र्याखाली ठेवणाऱ्यांनी निदान पेटीचं झाकण काढावं.

दुसरी, भाषेची. मी असंच काम राउटरवर केलं आहे, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स) टाकून, लुआमध्ये. त्या राउटरची फ्लॅश १६ एमबी, त्यात पायथॉन मावणं अवघड. लुआचा अख्खा इंटरप्रिटर काही शे केबींत बसतो. १९९३ साली रिओच्या विद्यापीठात जन्मलेली भाषा, पहिल्यापासून दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवण्यासाठीच घडवलेली. एचएप्रॉक्सी या प्रॉक्सी सर्व्हरने २०१५ मध्ये १.६ आवृत्तीत लुआ आत घेतली, एनजिनएक्स या वेब सर्व्हरवरचं ओपनरेस्टी तर लुआवरच उभं आहे. जोडण्यांचं जड काम सी मध्ये आणि नियम लुआत, ही विभागणी इतकी हलकी पडते की राउटरला वेगळा बॉक्स लागत नाही आणि विजेचा एक प्लग वाचतो.

तुमच्याकडे पाय आहे आणि पोरांना पायथॉन येतं, म्हणजे तुमच्यासाठी तुमचंच बरोबर. पण 'हलका' म्हणताना किती हलका ते जागेवर ठरतं, एवढंच.

---

गिरणेपल्याड (मूळ चाळीसगाव, सध्या पुणे)
सोमवार, रात्री ११.३०

तुम्ही कोड पाठवलात, तो नीट वाचला. नोकरीत हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रागावू नका.

आधी सगळ्यात मोठी गोष्ट. तुमचा सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतो आहे, म्हणजे त्या यंत्राच्या प्रत्येक जोडणीवर. आज डोंगलमुळे बाहेरून कोणी आत येत नाही. उद्या गावात फायबर आलं, कोणी राउटरवर पोर्ट उघडला, की तुमचा प्रॉक्सी जगासाठी खुला. उघडे प्रॉक्सी हुडकणारी यंत्रं इंटरनेटवर अखंड फिरत असतात, आणि एकदा सापडला की दुसऱ्याची पापं तुमच्या पत्त्यावर जमा होतात. फक्त आतल्या नेटवर्कच्या पत्त्यावर ऐका. 'कनेक्ट' फक्त एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टला द्या, नाहीतर तुमच्यामार्फत मेलच्या २५ नंबरवर जाऊन कोणीही स्पॅम मेल पाठवेल.

याच्याच उलट बाजू : आतला माणूस प्रॉक्सीला '१२७.०.०.१ वर जा' (म्हणजे त्याच यंत्रावर) किंवा '१९२.१६८.१.१ वर जा' (म्हणजे राउटरवर) म्हणाला तर तो जातो. म्हणजे पोरांना राउटरचं सेटिंगचं पान मोकळं. होस्टचं नाव नियमात तपासून हे भागत नाही, कारण कुठलंही नाव आतल्या पत्त्याकडे वळवता येतं. आधी नाव सोडवा (त्या नावामागचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता काढा), मिळालेला आयपी पायथॉनच्या आयपीॲड्रेस मॉड्यूलने तपासा, खासगी निघाला तर नकार द्या, आणि मग त्याच आयपीला जोडा. पुन्हा नावाने जोडलंत तर मधल्या क्षणात उत्तर बदललेलं असू शकतं.

आता बारीक. 'कंटेंट-लेंग्थ' (मजकूर किती बाइटचा ते सांगणारं हेडर) तुम्ही सरळ पायथॉनच्या इंट फंक्शनला देता. हे फंक्शन फार उदार आहे. आकड्याआधी अधिकचं चिन्ह असलं तरी चालवतं, आणि मध्ये अंडरस्कोअर घालून '१_०' असं इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर त्याचे निमूट दहा करतं. एचटीटीपीच्या नियमात तिथे फक्त आकडे असतात. तुमचा प्रॉक्सी दहा समजला आणि पलीकडचा सर्व्हर वेगळंच समजला, तर विनंती कुठे संपते यावर दोघांचं दुमत होतं. अशा दुमतातून एकाच्या विनंतीत दुसरी लपवून पाठवता येते. आधी शून्य ते नऊ सोडून काही आहे का ते बघा, असलं तर ४०० ('विनंती चुकीची') देऊन मोकळे व्हा.

बाइट वाहताना तुम्ही लिहिता, पण 'ड्रेन'साठी, म्हणजे लिहिलेलं पुढे वाहून जाईपर्यंत, थांबत नाही. समोरचा कॉम्प्युटर हळू घेत असेल आणि इकडून डेटा भराभर येत असेल, तर सगळा ढीग पायच्या मेमरीत साचतो. पाटाला पाणी सोडलं आणि शेवटचं दार बंद असलं तर काठ फुटणारच. प्रत्येक लिहिण्यानंतर ड्रेनची वाट बघा.

आणि 'कनेक्शन', 'कीप-अलाइव्ह', 'प्रॉक्सी-ऑथोरायझेशन' ही हेडरं (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) एका टप्प्यापुरती असतात, पुढे पाठवायची नसतात. शिवाय 'कनेक्शन' हेडरमध्ये आणखी ज्यांची नावं असतील तीही गाळायची. हे बहुतेक जण विसरतात, तुम्हीही विसरलात.

नियमांची फाइल मात्र फार आवडली. चुकीच्या बदलावर जुने नियम चालू ठेवणं हा निर्णय अगदी योग्य.

---

सातपुडा_पायथा
मंगळवार, सकाळी ६.१०

ताई, रागवायचं कशाला? एवढं बसून वाचणारं माणूस मिळत नाही. ०.०.०.० चं वाचलं आणि रात्रीच उठून बदललं.

तुम्ही साठ्याबद्दल काही लिहिलं नाहीत, तिथे मी स्वतःच एकदा ठेचकाळलो आहे, ते इथे सांगतो. सुरुवातीला मी पॅकेज उतरत असतानाच थेट साठ्यातल्या फाइलीत लिहीत होतो. एका दुपारी वादळवारा सुटला आणि वीज गेली. फायरफॉक्सचं पॅकेज अर्धं उतरलेलं. वीज आल्यावर प्रॉक्सी उठला, साठ्यात त्या नावाची फाइल दिसली, आणि तो ती अर्धीच फाइल बाराही कॉम्प्युटरना इमानेइतबारे वाटत राहिला. प्रत्येक पडद्यावर 'हॅश सम मिसमॅच'. मी जळगावात, फोनवर, आणि इकडे पोरं पुन्हा पुन्हा अपडेट मारताहेत. दोन दिवसांनी गावी आल्यावर फाइलचा आकार बघितला तेव्हा कळलं.

आता तात्पुरत्या नावाने लिहितो, बाइट मोजतो, 'कंटेंट-लेंग्थ'शी जुळले तरच नाव बदलून साठ्यात टाकतो. लांबी सांगितलेलीच नसेल तर साठवतच नाही.

---

गिरणेपल्याड
मंगळवार, दुपारी १.४५

बरोबर केलंत, पण एक पायरी राहिली. नाव बदलण्याआधी एफसिंक करा, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवून घ्या. नाहीतर नाव बदललेलं डिस्कवर पोचतं आणि आतला मजकूर अजून मेमरीतच असतो. तेवढ्यात वीज गेली तर पूर्ण नावाची रिकामी फाइल हाती येते. एसडी कार्डावर तर ही काळजी घ्यायलाच हवी.

आणि तुमच्याच किश्श्यातून आणखी एक शंका. वीज गेली तेव्हा कॉम्प्युटरही अर्ध्यात थांबले असणार. ॲप्ट पुन्हा सुरू झालं की 'मला इतक्या बाइटपासून पुढचं द्या' असं मागतं. तिकडून २०६ येतं, म्हणजे फाइलचा तुकडा. त्या तुकड्याची लांबी 'कंटेंट-लेंग्थ'शी बरोबर जुळते. तुमच्या तपासणीतून तो पास होऊन पूर्ण पॅकेज म्हणून साठ्यात बसेल. फक्त २०० असेल तरच साठवा.

---

सातपुडा_पायथा
मंगळवार, रात्री ९.००

तपासलं. साठ्यात असे दोन तुकडे सापडले. दोन्ही काढले, ओळ बदलली.

---

नवापूरकर_गुरुजी (नंदुरबार जिल्हा)
बुधवार, सायंकाळी ६.२०

आमच्या शाळेतही दहा संगणक आहेत. मुलं काय बघतात हे कळावं म्हणून असा प्रॉक्सी हवा आहे. एचटीटीपीएसच्या आतलं दिसत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण स्वतःचं सर्टिफिकेट सगळ्या संगणकांवर टाकलं तर दिसतं असं ऐकून आहे. पालकांची मागणी आहे. कसं करायचं ते सांगाल का?

---

सातपुडा_पायथा
बुधवार, रात्री ८.५०

गुरुजी, तांत्रिकदृष्ट्या होतं. मिटमप्रॉक्सी म्हणून पायथॉनमध्येच लिहिलेलं साधन आहे, ते हेच करतं, आणि स्वतःच्या ॲपमधली चूक शोधायला ते उत्तम आहे. पण दुसऱ्याच्या जोडणीवर ते लावू नका, अशी कळकळीची विनंती.

आमच्या अभ्यासिकेत मुली बँकेचं खातं बघतात, आधारचा ओटीपी टाकतात, शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला चढवतात. सर्टिफिकेट टाकलं की हे सगळं त्या पायवरून उघडं जाणार, आणि पायला हात लावू शकणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता येणार. तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण तो पाय उद्या दुरुस्तीला कोणाच्या टेबलावर जाईल ते तुमच्या हातात नाही. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला कलम ९ मध्ये मनाई केली आहे. शाळांना त्यातून कुठवर सूट मिळते ते जाणकार वकिलाला विचारा.

अडवण्यासाठी आत डोकवायची गरजच नाही. 'कनेक्ट'च्या ओळीत होस्टचं नाव असतं. जुगाराच्या साइट, अश्लील साइट तेवढ्यावर अडवता येतात. आम्ही लॉगमध्ये फक्त होस्ट आणि किती बाइट गेले एवढं ठेवतो, कोणत्या कॉम्प्युटरवरून ते लिहीत नाही, आणि सात दिवसांनी पुसतो. भिंतीवर कागद लावला आहे, त्यावर हे सगळं मराठीत लिहिलं आहे.

---

नवापूरकर_गुरुजी
बुधवार, रात्री ९.३०

ओटीपीचा विचार केला नव्हता. पटलं. नावावरून अडवण्यापुरतंच करू. तुमचा भिंतीवरचा मजकूर पाठवाल का? पालकसभेत वाचून दाखवतो.

---

पांझराकाठ
गुरुवार, सकाळी ८.००

एक प्रश्न. बाराही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू झाले आणि सगळ्यांनी एकदमच नवं पॅकेज मागितलं तर? साठ्यात अजून काहीच नाही, म्हणजे बारा वेळा उतरणारच की.

---

सातपुडा_पायथा
गुरुवार, दुपारी २.१५

अगदी बरोबर, पहिल्या आठवड्यात हेच झालं होतं. सकाळी सहाला मुख्य बटण दाबलं की बाराही एकदम उठतात. आता प्रत्येक पत्त्यामागे एक कुलूप आहे. पहिला येईल तो ते घेतो आणि बाजारात जातो, बाकीचे अकरा ओट्यावर बसतात. माल आला की सगळ्यांना घरातून मिळतो. आणणाराच मध्ये तुटला तर कुलूप सुटतं आणि रांगेतला पुढचा निघतो. असिंकआयओमध्ये हे कुलूप तयारच मिळतं. काम झालं की ते डिक्शनरीतून (पायथॉनमधल्या, कुलपं ठेवायच्या यादीतून) काढून टाकायला मात्र विसरू नका, नाहीतर महिन्याभरात हजारो रिकामी कुलपं मेमरीत पडून राहतात.

---

हतनूर_बॅकवॉटर
गुरुवार, रात्री १०.४०

ब्राउझरना प्रॉक्सी कसा सांगता? हाताने भरला असेल तर पाय बंद पडला की सगळ्यांचं नेट बंद.

---

सातपुडा_पायथा
शुक्रवार, सकाळी ६.३०

पीएसी फाइल. नेटस्केपने १९९६ च्या सुमारास आणलेली युक्ती, आजही सगळ्या ब्राउझरमध्ये चालते. जावास्क्रिप्टचं एकच फंक्शन असतं, ते 'आधी या प्रॉक्सीकडे जा, तो उत्तर देत नसेल तर थेट' असं सांगतं. पाय बंद पडला तर पोरांचं काम थांबत नाही, फक्त साइट अडत नाहीत. तेवढं मी मान्य केलं आहे. ॲप्टला मात्र थेट जाऊ देत नाही, अपडेट एक दिवस उशिरा झालं तर चालतं.

---

सातपुडा_पायथा
रविवार, रात्री ८.१५

आजचा वृत्तांत. ताईंनी सांगितलेले सगळे बदल घातले, सव्वादोनशेच्या दोनशे ऐंशी ओळी झाल्या. सकाळी लॉग उघडून बसलो. लिबरऑफिसचं अपडेट होतं. पहिल्या ओळीत 'आणलं', आणि त्याखाली अकरा ओळी 'साठ्यातून'.

पण खरं सांगायचं आहे ते वेगळंच. सांभाळणाऱ्या मुलांपैकी एकाने बुधवारी मला न विचारता नियमांच्या फाइलीत भर घातली होती. सकाळी सहा ते दहा अभ्यासाची वेळ, तेव्हा ॲप्टच्या विनंत्या अडवायच्या, म्हणजे सगळा वेग पोरांना. विचार पक्का होता. पण त्याने सगळं मराठीत म्हणून आकडेही मराठी लिहिले, 'तास' ६ पेक्षा मोठा की नाही ते देवनागरी सहाने विचारलं. नावं देवनागरी चालतात, कोडमधला आकडा चालत नाही. पायथॉनने 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून फाइल नाकारली, जुने नियम चालू राहिले, आणि चार दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आज दुपारी त्यानेच लॉगमध्ये ती ओळ शोधली. आकडा बदलला, फाइल सेव्ह केली, आणि 'नवे नियम लागू' येईपर्यंत पडद्यासमोरून हलला नाही. नियमांची फाइल नाकारली गेली तर ते लॉगच्या कोपऱ्यात न लिहिता पुढच्या खोलीतल्या पडद्यावर दाखवावं, असं तो म्हणतो. ती सोय तो आणि दुसरा मुलगा पुढच्या रविवारी लिहिणार आहेत. गुरुजी, भिंतीवरच्या मजकुराचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.